ब्राउझरची साठवण

निकाल लागल्याचे मैत्रिणी सांगत असतात. आपल्या पडद्यावर मात्र ‘निकाल लवकरच’ हीच ओळ. पान पुन्हा मागवले, म्हणजे रीलोड केले, तरी तेच! त्याच संगणकावरील दुसऱ्या ब्राउझरमध्ये मात्र निकाल दिसतो. असे का व्हावे?

प्रत्येक फाइल दरवेळी दूरच्या सर्व्हरवरून आणणे वेळखाऊ असते. म्हणून ब्राउझर पाने, चित्रे व जावास्क्रिप्टच्या फायली स्वतःजवळ साठवतो. या साठवणीस कॅश म्हणतात. प्रत किती काळ ताजी मानावी, हे सर्व्हरने ‘कॅश-कंट्रोल’ या सूचनेने सांगावयाचे असते. १९९७ च्या एचटीटीपी १.१ नियमांत ती आली. सूचना नसेल तर ब्राउझर अंदाज करतो. फाइल बदलून जितका काळ लोटला, त्याचा दशांश प्रत ताजी धरावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. दहा दिवसांपूर्वी बदललेली फाइल मग दिवसभर ताजी ठरते!

ब्राउझरांत खरा फरक पूर्वी रीलोडच्या वेळी पडत असे. क्रोम हा मुख्य पानाविषयीच सर्व्हरकडे विचारणा करतो. मुदतीतील जावास्क्रिप्ट साठवणीतूनच घेतो. फायरफॉक्स पूर्वी सामान्यतः सर्वच फायलींची खात्री करून घेत असे. ‘इम्यूटेबल’, म्हणजे अपरिवर्तनीय, अशी खूण असलेल्या फायली तेवढ्या वगळत असे. आपल्या उदाहरणातील ओळ जावास्क्रिप्टच्या फायलीतून येत असेल, तर क्रोममध्ये रीलोड करूनही ती जुनीच राहील. दुसऱ्या ब्राउझरजवळ जुनी प्रतच नव्हती. म्हणून त्याने नवी आणली.

मागे जाण्याच्या बटणाची कथा निराळीच. तेथे काही वेळा संपूर्ण पान, चालू असलेल्या जावास्क्रिप्टसह, गोठवून ठेवलेले असते व पूर्वीच्याच स्थितीत परत येते. फायरफॉक्सने ही सोय २००५ साली आणली. संगणकावरील क्रोममध्ये ती २०२१ साली आली.

यावर उपाय दोन. पान तयार करणाऱ्याने फाइल बदलताच तिचे नावही बदलावे. नव्या नावाची प्रत कोणाच्याच साठवणीत नसते. वाचणाऱ्याने क्रोम वा फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व आर या कळा एकत्र दाबाव्यात. मग पान साठवण बाजूस ठेवून नव्याने येते.

अर्ज भरण्याची मुदत वा निकाल पाहताना एवढे ध्यानात असावे: पडद्यावर दिसते ते आजचेच असेल असे नाही.