आधी ब्रेक, इंजिन सर्वात शेवटी

मेलबर्नमध्ये ओळखीची मराठी मुलं जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह यूट घ्यायची म्हणून माझ्याकडे विचारायला येतात. यूट म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. इथल्या शेतकऱ्याचं आणि सुताराचं तिच्यावाचून पान हलत नाही. शनिवार-रविवारी व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीत, डार्गो किंवा वोनांगट्टाच्या बाजूला, भटकायचं तरी तीच लागते. हौस उत्तम आहे आणि ती मलाही आहे. पण ‘इंजिन बदललेलं, पाच इंच उचललेली, तेहतीसचे टायर’ एवढं वाचून कुणी बयाणा द्यायला निघाला की मी त्याला आधी खाली बसवतो.

माझी यूट १९९४ची टोयोटा हायलक्स, एलएन १०६ मालिकेतली. पुढेही अखंड एक्सल आणि चारही चाकांवर पाटे. १९९७नंतरच्या हायलक्सला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, म्हणून खडकाळ वाटांचे शौकीन अजून हीच शोधतात. मूळ इंजिन २.८ लिटरचं साधं डिझेल, टर्बो नाही. चढावर दमतं, पण दगा देत नाही. आधीच्या मालकाने ते काढून तीन लिटरचं टर्बो डिझेल, वन केझेड-टीई, बसवलं होतं आणि लांब शॅकल, उंच पाटे घालून गाडी वर नेली होती. कागद नव्हते, ते मला ठाऊक होतं आणि किंमत मी त्याच हिशेबाने लावली होती. गाडी कायद्यात बसेल अशी करून घ्यायची हे ठरवूनच ती आणली.

रिकामी होती तोवर ती गुणी वाटायची. मग एकदा घरच्या कामासाठी खडी भरली. यार्डातल्या उतारावर ब्रेक दाबला तर नाक खाली गेलं आणि मागून काही धरेचना. खड्ड्यावर घेऊन खालून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मागच्या एक्सलच्या वर, चेसिसला एक लहानसा व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यापासून एक बारीक दांडी एक्सलपर्यंत जाते. हौद्यात माल आला की चेसिस खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. हौदा रिकामा असला की तोच व्हॉल्व्ह दाब आवरतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता गाडी पाच इंच उचलली आणि दांडीचं ब्रॅकेट जुन्याच जागी ठेवलं, तर चेसिस आणि एक्सल यांतलं अंतर वाढतं. व्हॉल्व्हच्या लेखी हौदा कायमचा रिकामा. भरल्या गाडीला मागचे ब्रेक नावापुरते उरतात. खालून उजेड मारला तर ही दांडी सहज दिसते, पण उंची आणि टायर बघायला आलेला माणूस तिथवर वाकतच नाही.

त्याच वेळी दुसरी गोष्टही दिसली. चेसिस जॅकवर घेऊन मागचा एक्सल मोकळा सोडला तर ब्रेकचा रबरी पाइप पूर्ण ताणला जात होता. खडकाळ वाटेवर एक चाक लोंबकळलं की तो तिथेच तुटला असता. म्हणून सस्पेन्शनचं काम करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की पाटे बदलले त्याच दिवशी ब्रेकचे पाइप आणि व्हॉल्व्हचं ब्रॅकेटही बदला. ‘ते पुढच्या पगाराला’ असं म्हणू नका.

उंचीची गरज मुळात किती, हेही विचारा. व्हिक्टोरियात सस्पेन्शनमधून साधारण ५० मिलीमीटरपर्यंतची वाढ प्रमाणपत्राशिवाय चालते आणि माझ्या मते हौशी माणसाला तेवढी पुरते. त्यापुढे प्रत्येक इंच काहीतरी मागतो. लांब शॅकलने एक्सल कलतो, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा कल, बिघडतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, मग खड्ड्यात चाक गेलं की गाडी स्वतःच बाजू बदलते. प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढले की युनिव्हर्सल जॉइंट थरथरू लागतात.

टायरचंही तेच. मूळ टायरचा व्यास सुमारे ७४० मिलीमीटर, तेहतीस इंचीचा ८३८. बदलांची राष्ट्रीय नियमावली, व्हीएसबी १४, अशा गाड्यांना कंपनीने दिलेल्या सर्वात मोठ्या टायरपेक्षा ५० मिलीमीटरच जास्त मुभा देते. इथे वाढ जवळजवळ शंभराची. बाकी काही बदललं नसेल तर मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११३च्या आसपास धावत असते. पुढच्या एक्सलच्या टोकाला गोळ्यांचा जो सीव्ही जॉइंट असतो, तो तर मूळ टायरच्या मापाने बनलेला. मोठं चाक, पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग आणि दगडावर जोर, की तो कडकन फुटतो.

मोठ्या टायरसाठी पुष्कळ जण डिफचा, म्हणजे डिफरन्शियलचा, रेशो बदलतात. बदलायचा तर पुढचा आणि मागचा दोन्ही, एकदमच. खर्च वाचवायला फक्त मागचा बदललेली गाडी मी ओळखीत पाहिली आहे. टू-व्हील ड्राइव्हवर काहीच जाणवत नाही आणि फोर-व्हील ड्राइव्ह लावला की दोन्ही एक्सल एकमेकांशी झुंजतात, ट्रान्सफर केसची वाट लागते. तपासायला पैसा लागत नाही. गाडी स्टँडवर नीट टेकवा, गिअर न्यूट्रलला ठेवा, एका एक्सलच्या शाफ्टवर खडूची खूण करा आणि त्या एक्सलची दोन्ही चाकं सोबत एक फेरा फिरवा. शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजा. मागे आणि पुढे आकडा एकच यायला हवा.

आता इंजिन. वन केझेड-टीई ओढीला चांगलं आहे, पण ते एकटं येत नाही. त्याला स्वतःचा संगणक आणि वायरिंग लागतं, मोठा रेडिएटर लागतो. तापलं की हेडला तडे जाण्यासाठी हे इंजिन बदनाम आहे, त्यामुळे कूलिंगमध्ये केलेली काटकसर महागात पडते. जास्तीचा टॉर्क क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट असा उतरत जातो आणि सर्वात अशक्त कडी शोधतो. वाढलेला वेग थांबवायला ब्रेक लागतात, म्हणून माझा क्रम उलटा आहे: ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, डिफ, आणि हे सगळं जागेवर आल्यावरच इंजिन. मूळ २.८ धडधाकट असेल तर ते राहू द्या.

इंजिन बदलाला इथे मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. व्हिक्टोरियात त्या योजनेला व्हास म्हणतात, क्वीन्सलँडमध्ये बदलाची पाटी गाडीवर ठोकतात, न्यू साउथ वेल्सची पद्धत आणखी वेगळी. पहिला बोल्ट सैल करण्याआधी त्या इंजिनिअरला भेटा. काय मंजूर होईल हे तो आधी सांगतो, काम झाल्यावर दाखवायला गेलात तर तेच तोडून पुन्हा करावं लागतं. मी आमच्या इंजिनिअरच्या सांगण्यावरून उंची कमी केली, टायर लहान घेतले, व्हॉल्व्हचं ब्रॅकेट नवं लावलं आणि इंजिनच्या माउंटचं वेल्डिंग नव्याने करून घेतलं. खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे गेला. तो जाणार हे मी धरून चाललो होतो, म्हणून पेलला.

विम्याची बाब सर्वात गंभीर. न कळवलेले बदल असतील तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्याचं नुकसान तुमच्या खिशातून जातं. नव्या देशात बस्तान बसवणाऱ्या कुटुंबाला तो घाव पेलवत नाही.

तेव्हा अशी गाडी बघायला गेलात तर विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र मागा आणि त्यात लिहिलेले बदल गाडीशी ताडून पाहा. इंजिनवर कोरलेला नंबर नोंदणीतल्या नंबरशी जुळतो का ते स्वतः बघा. आडवे होऊन मागची ती दांडी शोधा. शक्य असेल तर वजनकाट्यावर न्या, कारण लोखंडी बंपर, विंच आणि जड टायर यांचं वजन गेल्यावर हौद्यात कायदेशीर माल किती मावतो, हे तिथेच कळतं. विकणारा यातल्या कशालाही ‘कशाला एवढं’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा आणि दुसरी गाडी बघा.