निलगिरी : मूळची आणि आपल्याकडची

निलगिरी या वृक्षाचे मराठी नाव त्याच्या मूळ भूमीवरून पडलेले नाही. ब्रिटिश अमदानीत, १८४३च्या सुमारास, दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर त्याची लागवड सुरू झाली आणि पर्वताचे नाव झाडास चिकटले. वनस्पतिशास्त्रातील युकॅलिप्टस ग्लोब्युलस तो हाच. त्याचे मूळ निवासस्थान म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेचे टास्मानिया बेट व व्हिक्टोरिया राज्याचा दक्षिण भाग. तेथील हवा गार व दमट असते.

या वृक्षाच्या एकाच जन्मात पानांची दोन रूपे दिसतात. रोपाची पाने रुंद, बिनदेठाची, समोरासमोर फुटणारी असून त्यांवर निळसर-पांढरा मेणचट थर असतो. कोवळी फांदीही चौकोनी असते. झाड वाढले की पाने एकाआड एक येतात, कोयत्यासारखी वाकतात व देठावर लोंबतात. त्यांच्या कडाच उन्हाकडे वळलेल्या राहतात, म्हणून एवढ्या उंच झाडाची सावली विरळ पडते. साल लांब पट्ट्यांनी सुटते. फुलाला दिसण्याजोग्या पाकळ्याच नसतात. कळीचे टोपण गळून पडते आणि पांढुरक्या पुंकेसरांचा झुबका उघडतो. ‘युकॅलिप्टस’ या ग्रीक शब्दांपासून बनलेल्या नावाचा अर्थही ‘नीट झाकलेले’ असाच आहे.

महाराष्ट्रात बांधांवर व रस्त्यांच्या कडेला दिसणारी निलगिरी मात्र बहुधा ही नव्हे. ती युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस, म्हणजे व्यवहारातील म्हैसूर गम, किंवा तिच्या निकटची जात असते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागापासून न्यू गिनीपर्यंत पसरलेली असल्याने ती उष्णता सोसते. कर्नाटक शासनाने २०१७ मध्ये निलगिरीच्या लागवडीवर बंदी घातली, त्यामागील भूजलाची चिंता प्रामुख्याने अशा सपाटीवरील लागवडीविषयी होती.

दोहोंतील भेद शिक्षकांना वर्गातही दाखविता येईल. ग्लोब्युलसची कळी सहसा एकटी, बिनदेठाची व खडबडीत असते. टेरेटिकॉर्निसच्या कळ्या एका दांड्यावर सात किंवा अधिक, गुळगुळीत व टोकदार टोपणाच्या असतात. रोपवाटिकेतून ‘निलगिरी’ मागविणाऱ्या ग्रामपंचायतीने जातीचे पूर्ण नाव विचारलेले बरे. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, तर आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरच. टास्मानियाच्या गारव्यातील वृक्ष दख्खनच्या उन्हाळ्यात नीट वाढण्याची आशा नाही.