चि. ताईस, महाविद्यालयात पाऊल ठेवताना

अंबाजोगाई, ज्येष्ठ



तू बारावी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालीस, आणि इतिहास हा मुख्य विषय घेऊन छत्रपती संभाजीनगरला बी.ए.च्या प्रथम वर्षात नाव घालण्याचा निश्चय केलास, ही दोन्ही वर्तमाने तुझ्या आईकडून कळून परम संतोष झाला. इतिहासाने पोट भरत नाही असे घरातील काही मंडळींचे म्हणणे आहे, हेही त्याच बोलण्यात समजले. ज्या विषयात मन रमते त्यातच माणसाच्या हातून परिश्रम होतात, आणि मनापासून केलेले परिश्रम उपजीविकेच्या कामी आल्यावाचून राहत नाहीत, असे माझे मत आहे, आणि ते तुझ्या वडिलांना मी स्वतंत्रपणे लिहिणार आहे. त्या चिंतेचा भार तू घेऊ नकोस. या पत्रात मला लिहायचे आहे ते तुझ्या पहिल्या वर्षाविषयी, कारण पुढील वर्षांचे वळण बहुधा त्याच एका वर्षात पडून जाते असे मी अध्यापनाच्या व्यवसायात वारंवार पाहिले आहे.

कागदपत्रांचे आधी उरकून घेऊ. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, गुणपत्रिका, तहसील कचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, जातीचे व रहिवासाचे प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, यांच्या प्रत्येकी चार-पाच नकला काढून निराळ्या फाइलीत ठेव, आणि मूळ कागद कोणत्याही खिडकीवर दिलास तर त्याची लेखी पोच घेतल्याखेरीज तेथून हलू नकोस. सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. तो पहिल्या आठवड्यात भर, आणि बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हे आजच पाहून घे, कारण मंजूर झालेली रक्कम एवढ्याशा कारणाने महिनोन्‌महिने अडून राहते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या मातृभाषेत पदवीचे शिक्षण घेता येणे ही गोष्ट तुला हवापाण्याइतकी स्वाभाविक वाटत असेल. परंतु तुझ्या पणजोबांच्या पिढीस ते साधले नव्हते. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या निजामाच्या फर्मानाने १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेथे सर्व विद्यांचे अध्यापन उर्दूतून व्हावे यासाठी ग्रंथांच्या भाषांतराचे एक स्वतंत्र खातेच उघडण्यात आले. एका देशी भाषेला आधुनिक शास्त्रांचा भार पेलता येतो हे त्या विद्यापीठाने सिद्ध करून दाखविले, ही त्याची थोरवी मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ज्या प्रजेची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी होती, तिच्या मुलांना माध्यमिक शाळेपासूनच परभाषेच्या दारातून ज्ञानाकडे जावे लागले, हेही तितकेच खरे. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून ज्या विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी करण्यात आली त्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, आणि घरापासून शेकडो कोसांवर जाऊन त्यांनी आपले शिक्षण पुरे केले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यात झाले, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सुरू झाले. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. आणि १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. तू ज्या वर्गात बसशील त्या वर्गाच्या मागे एवढा इतिहास आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीने तो ठाऊक असल्यावाचून पहिल्या बाकावर बसू नये असे मला वाटते.

जे इतक्या सायासाने मिळाले ते आज कसे वापरले जाते, हे सांगताना मात्र मला फार वाईट वाटते. महाविद्यालयाच्या फाटकासमोर झेरॉक्सची दुकाने असतात. तेथे प्रत्येक विषयाच्या तयार नोट्स आणि 'अपेक्षित प्रश्न' विकत मिळतात, आणि चांगली बुद्धी असलेली मुले-मुली तीन-तीन वर्षे त्या कागदांवर काढून, अभ्यासक्रमात नेमलेल्या एकाही ग्रंथाचे मुखपृष्ठ न पाहता पदवीधर होतात. नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची पद्धत आणली आहे. एका सत्राला वीस ते बावीस श्रेयांक, आणि पंधरा तासांच्या अध्यापनाला साधारणतः एक श्रेयांक, असा हिशेब आहे. मुख्य विषयाखेरीज गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्यांचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे, अशी अनेक खाती त्यात मांडलेली असतात. त्यांत ऐच्छिक विषय निवडताना मैत्रिणींनी काय घेतले हे पाहू नकोस, आणि कोणता विषय 'स्कोअरिंग' आहे हे तर मुळीच विचारू नकोस. शिवाय विषयांची संख्या वाढल्यामुळे प्रत्येकाचे थोडथोडे चाटून पुढे जाण्याचा मोहही वाढला आहे. त्याला आवर घालण्याचा एकच उपाय मला ठाऊक आहे: मुख्य विषयात प्रत्येक सत्रात एक तरी ग्रंथ पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत, प्रस्तावना आणि तळटीपांसह, वाचून काढणे.

शिवकालापासून आरंभ करायचा असेल तर कृष्णाजी अनंत सभासदाची बखर वाच. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेली ही बखर इतकी आटोपशीर आहे की चार संध्याकाळी ती सहज संपते. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या एका माणसाने ती लिहिली आहे, हे ध्यानात ठेवून वाच, आणि त्याला काय आठवते, काय तो गाळतो, कोठे त्याचा कंठ दाटून येतो, याची स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत नोंद कर. मग जदुनाथ सरकारांचा १९१९ साली प्रसिद्ध झालेला शिवचरित्रावरील इंग्रजी ग्रंथ हाती घे. एकच प्रसंग दोघे किती निराळ्या रीतीने सांगतात हे तुझे तुलाच दिसेल, आणि ज्या क्षणी दिसेल त्या क्षणी तू इतिहासाची विद्यार्थिनी झालीस असे समज. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली, ती याच श्रद्धेने की कागद डोळ्यांनी पाहिल्यावाचून मत देऊ नये. त्यांची सगळीच मते आज टिकलेली नाहीत, काही तर स्पष्टपणे एकांगी आहेत. पण मुळाकडे जाण्याची त्यांची ओढ तू घेण्यासारखी आहे.

इंग्रजी ग्रंथाचे नाव काढले म्हणून तुझ्या मनातील भीतीविषयी लिहितो, कारण ती तू आईजवळ बोलून दाखविलीस असे कळते. शहरातील मुली फाडफाड इंग्रजी बोलतील आणि तू मागे पडशील, ही ती भीती. बोलण्यातील सफाई आणि वाचनातील समज या दोन अगदी निराळ्या शक्ती आहेत, आणि महाविद्यालयात तुला पहिल्या वर्षी हवी आहे ती दुसरी. कोणताही विषय प्रथम मराठी विश्वकोशात पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, आणि आज त्यातील नोंदी तुझ्या हातातील मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. विषयाचा सांगाडा मराठीत मनात बसला की इंग्रजी ग्रंथाचे एकच प्रकरण घे, शब्दकोश उशाशी ठेव, आणि दिवसाला दोन पाने एवढाच नेम कर. दिवाळीपर्यंत दोनाची पाच होतील. विचार मात्र मराठीतच कर, आणि वर्गात शंका आली तर ती निःसंकोच मराठीत विचार. शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्याची खरा शिक्षक वाट पाहत असतो.

याहून एक अधिक आग्रहाची विनंती आहे. या वर्षात मोडी लिपी शीक. ती अवघड आहे असा जो बोभाटा आहे त्याला फारसा आधार नाही. आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची, मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, शब्द तोडायचे नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, एवढे तिचे वळण कळले की उरतो तो केवळ सराव. आपल्या मराठवाड्यापुरती तिच्या जोडीला उर्दू लिपीचीही तोंडओळख हवी, कारण निजामी अंमलातील महसुलाचे पुष्कळ दप्तर उर्दूत आहे, आणि गावपातळीवरील कागद मोडीत. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली आणि ती वाचणाऱ्या माणसांची सरकारला शोधाशोध करावी लागली. ज्या प्रांताचे भवितव्य अशा कागदांवर ठरते त्या प्रांतात ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावीत, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. आणि घरातील मंडळींना पोटाची चिंता आहेच, तर त्यांना सांग की या विद्येला आज मागणी आहे. जुने मूळ लेखन पाहायला तर दूर जायलाही नको: संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेले पंचीकरण, ती पासोडी, आपल्याच अंबाजोगाईत जपलेली आहे. मूळ लेखनापुढे उभे राहिल्यावर मनाला काय होते हे तुला सांगायला नको.

ज्या शहरात तू चाललीस तेही वाचण्यासारखे आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी म्हणून ते वसविले आणि जमिनीखालून नहर आणून त्याला पाणी दिले; त्या नहरांचे अवशेष अद्याप पाहायला मिळतात. वेरूळला चौतीस लेणी आहेत, आणि सहलीच्या गाडीतून उतरलेली मंडळी ती सारी दोन तासांत 'करून' येतात. तू एका खेपेस एकच लेणे पाहा. कैलास लेणे शिखरापासून पायापर्यंत, वरून खाली, खोदीत आणले आहे, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि कड्यावर चढून वरून खाली पाहणे निराळे.

वसतिगृहाविषयी थोडे गंभीरपणे लिहितो. तुझ्या खोलीत निरनिराळ्या तालुक्यांतून, निरनिराळ्या घरांतून आलेल्या मुली असतील. त्यांची आडनावे ऐकून जात ताडण्याचा जो घाणेरडा चाळा आपल्या समाजाला जडला आहे, तो तुझ्याकडून होता कामा नये, आणि कोणी तुझ्यादेखत तसे करू लागले तर तेथून उठून जाण्याचे धैर्य तुझ्यात असले पाहिजे. याच मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटविल्या गेल्या. माणसे मारली गेली, कुटुंबे परागंदा झाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, जवळजवळ साडेपंधरा वर्षे उलटल्यावर. दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर हजारो माणसे नतमस्तक होतात. येत्या जानेवारीत तूही तेथे जा. ज्या पुरुषाने बडोदे सरकारच्या पंचवीस रुपयांच्या मासिक शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण घेतले आणि पुढे न्यूयॉर्क-लंडनची ग्रंथालये पालथी घातली, त्याने हे शिक्षण मराठवाड्याच्या दारी आणून ठेवले. त्याचे ऋण आपल्या घरावरही आहे.

रॅगिंगचे भय बाळगू नकोस, पण तसे काही घडले तर सोसूही नकोस. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि महाविद्यालयाने तक्रारीची दखल घेतलीच पाहिजे. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस. मेसचे जेवण आवडले नाही तरी सकाळचे उपाशी राहू नकोस. रात्री अकरानंतर मोबाइल खोलीतील टेबलावर ठेव, अंथरुणात नको. आरंभीचे दोन-तीन आठवडे घराची आठवण येऊन रडू येईल, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ती खिन्नता महिन्यानंतरही टिकली, झोप आणि भूक उडाली, तर ती मनात कोंडून न ठेवता आईला, मला किंवा एखाद्या विश्वासू प्राध्यापिकेला सांग. गुणांविषयी मी तुला कधी विचारणार नाही.

सभासदाची बखर आणि मोडीच्या वळणांचे एक छोटे पुस्तक तुझ्या आईजवळ पाठवीत आहे. पुस्तकांसाठी थोडी रक्कमही पाकिटात आहे, ती पुस्तकांवरच खर्च कर. दर महिन्याला मला एक पत्र लिही, टपालाने आणि हाताने, आणि त्यात त्या महिन्यात वाचलेल्या ग्रंथाविषयी तुझे स्वतःचे मत कळव, ते माझ्या मताच्या विरुद्ध असले तरी.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा