मोटार नसलेला झाडू

अमेरिकेत घराभोवती मोठी हिरवळ राखतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेपल, ओक यांची पाने गळू लागली की ती झाकून जाते. थर तसाच राहिला तर खालच्या गवताला प्रकाश मिळत नाही. म्हणून बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरमागे झाडणारा गाडा जोडतात. असा ट्रॅक्टर विजेचाही असतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ साली विक्रीस आणलेल्या 'इलेक-ट्रॅक'मध्ये ६ व्होल्टच्या ६ शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असत. म्हणजे एकूण ३६ व्होल्ट.

गंमत अशी, की या बॅटऱ्यांपासून गाड्याकडे एकही तार जात नाही. गाड्याला मोटारच नसते! त्याची चाके जमिनीवर फिरतात आणि दंतचक्रांमार्फत ब्रश फिरवतात. मोठ्या चक्राला ६० व ब्रशच्या चक्राला १२ दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात ब्रशचे पाच फेरे होतात. म्हणूनच पाने उडून मागच्या झोळीत पडतात. प्रत्येक चाकात सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना असते. त्यामुळे गाडा मागे घेतला तर ब्रश उलटा फिरत नाही, आणि वळणावर बाहेरचे चाक अधिक वेगाने फिरू शकते.

मग हा झाडू फुकट चालतो काय? मुळीच नाही. समजा, गाडा ओढण्यास १५० न्यूटन बल लागते व वेग सेकंदाला १.५ मीटर आहे. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून १५० × १.५ = २२५ वॅट. ३६ ने भागल्यास सव्वासहा अँपिअर येतात. मोटार व दंतचक्रांतील व्यय धरून कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर बॅटरीतून सुमारे १० अँपिअर जादा विद्युत्‌धारा जाते. ब्रश गवतात खोल रुतवला किंवा पाने ओली असली, की बल वाढते आणि त्याबरोबर धाराही. ब्रशने गवताची टोके जेमतेम चाटावीत, एवढी उंची पुरे.

चढाचाही विचार हवा. भरल्या गाड्याचे वस्तुमान १०० किलोग्रॅम असेल, तर १० मीटरला १ मीटर चढावर सुमारे १०० न्यूटन बल अधिक लागते. तेव्हा झाडायला वरून आरंभ करून पानांचा ढीग उताराच्या पायथ्याशी करणारा माळी भौतिकशास्त्र शिकलेला नसला, तरी हिशेबात पक्का म्हणायचा.

त्यातच पानगळीचे दिवस थंडीचे. तापमान उतरले की बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंश सेल्सिअसजवळ शिसे-आम्ल बॅटरीची धारकता उन्हाळ्यापेक्षा सुमारे पंचमांशाने घटते. झाडण्याचे काम सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच!