शाप, स्मृती आणि निवड : पतित देवदूताच्या प्रेमकथेतील नियतीचा प्रश्न

देवदूत किंवा दानव आणि मानवी स्त्री यांच्या प्रेमाची कथा इंग्रजीतील लोकप्रिय वाङ्मयात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून विशेष रूढ झाली. केवळ रंजन म्हणून तिची बोळवण केल्यास तिच्यातील एक जुना आणि गंभीर प्रश्न दृष्टीआड होतो. ज्यांचे मीलन आधीच ठरलेले आहे, त्यांच्या प्रेमाला निवड म्हणता येईल काय? नियती बलवत्तर की इच्छा, असा वाद येथे सामान्यतः घातला जातो. परंतु ठरलेले काय आहे, हे दोघांपैकी कोणाला ठाऊक आहे, या अंगाने पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

या कथेचे मूळ प्राचीन आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवपुत्रांनी मानवकन्यांना वरल्याचा त्रोटक उल्लेख येतो. त्याचा विस्तार हनोखाच्या नावावर असलेल्या ग्रंथात आढळतो. तेथे २०० देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात. त्यांचा प्रमुख शेमीहझा याला भय वाटते, की इतर ऐनवेळी माघार घेतील आणि पापाचे प्रायश्चित्त आपल्या एकट्याला भोगावे लागेल. म्हणून ते सर्व परस्परांना शपथेने बांधून घेतात. शपथेची गरज पडते ती बदलू शकणाऱ्या मनाला. तेव्हा देवदूतांना संकल्पस्वातंत्र्य आहे, हे येथे गृहीतच धरलेले आहे. मानवकन्यांचा होकार होता की नाही, याची मात्र त्या प्रसंगात दखल नाही.

पुढील ख्रिस्ती तत्त्वचिंतनाने या स्वातंत्र्याला कठोर मर्यादा घातली. तेराव्या शतकातील थॉमस अ‍ॅक्वायनसच्या मते देवदूत अनुमानाच्या पायऱ्या चढत नाही. त्याला सत्याचे आकलन एकदम होते. म्हणून त्याची निवडही एकदाच होते आणि ती कायमची ठरते. मानवाला क्रमाक्रमाने कळते, म्हणूनच त्याचे मन पालटते आणि त्याला पश्चात्ताप शक्य होतो. कथाकारापुढील अडचण येथेच उद्भवते. प्रेमकथेला काळ लागतो. संशय, माघार आणि पुनर्विचार यांवर तिचे पोषण होते. एका क्षणात ज्याची निवड संपली, तो तिचा नायक कसा व्हावा?

एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी कवींनी ही अडचण ओळखली होती. लेर्मोंतोव्हने १८२९ मध्ये आरंभिलेल्या आणि सुमारे दहा वर्षे पुनःपुन्हा लिहिलेल्या ‘देमोन’ या काव्यातील दानव जॉर्जियातील तमाराच्या प्रेमाने पुन्हा सन्मार्गाला लागू इच्छितो. परंतु त्याच्या चुंबनानेच तिचा अंत होतो. तिचा आत्मा देवदूत घेऊन जातो आणि दानव पूर्ववत एकाकी उरतो. दुसऱ्या निवडीची आकांक्षा कवीने त्याला दिली, संधी मात्र नाकारली. आधुनिक लोकप्रिय प्रेमकथेला असा शेवट परवडत नाही, कारण सुखान्त हा तिचा वाचकाशी झालेला करार असतो. तो करार हीच तिच्या पात्रांची पहिली नियती होय.

लॉरेन केट यांच्या ‘फॉलन’ (२००९) या कादंबरीने आरंभ झालेली मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. स्वर्गातील युद्धात कोणताही पक्ष न घेता प्रेमाची निवड करणारा देवदूत डॅनियल शापित होतो. त्याची प्रिया ल्यूस पुनःपुन्हा जन्म घेते, त्याच्यावर अनुरक्त होते आणि सतराव्या वर्षाच्या सुमारास मरण पावते. डॅनियलला प्रत्येक जन्म स्मरतो. ल्यूसला एकही नाही. प्रस्तुत जन्मात तिचा बाप्तिस्मा झालेला नसल्याने या वेळी मृत्यू आल्यास पुढचा जन्म नाही. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पुनर्जन्माची वाट बंद होताच ल्यूसच्या प्रत्येक निर्णयाला वजन प्राप्त होते. तसेच, ज्याला सर्व ठाऊक आहे त्याने तिच्या हितासाठी मौन पाळले, तरी त्या मौनाने तिच्या होकाराचे मोल उणावते. तिसऱ्या ‘पॅशन’ (२०११) या भागात ती आपल्या गतजन्मांचा शोध घेण्यास स्वतः निघते, ते या असमतेविरुद्धचे बंडच होय.

भारतीय अभ्यासकाला येथे बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे, मराठीने तर या वाङ्मयप्रकाराचे नावच त्या ग्रंथावरून घेतले. दोन्हीकडे शाप, पुनर्जन्म आणि विरह आहे. मांडणी मात्र उलट आहे. बाणाच्या कथेत पुरुष विस्मृतीसह पुन्हा जन्मतात आणि स्त्रिया स्मृती जपत प्रतीक्षा करतात. तरीही महाश्वेतेची स्मृती तिला सर्वज्ञ करीत नाही. पुंडरीकच वैशंपायन होऊन समोर आला असता ती त्याला ओळखत नाही आणि त्याच्या अनुनयाने क्रुद्ध होऊन त्याला पोपट होण्याचा शाप देते. पुंडरीकाशी असलेली निष्ठाच पुंडरीकाला शाप देते. तिची कृती स्वतंत्र असूनही नियतीचे चक्र तिच्याच हातून पुढे सरकते. ल्यूसच्या जन्मांना असा कर्माचा धागा नाही. एका जन्मातील कृतीचे फळ पुढील जन्मी तिला लाभत नाही. तिचा पुनर्जन्म ही केवळ पुनरावृत्ती आहे.

‘रॅप्चर’ (२०१२) या भागात ल्यूसही मुळात देवदूतच होती, हे उघड होते. या रहस्यभेदाने तिला आद्य निवडीचे कर्तृत्व लाभते. परंतु ती निवड तिला न आठवणाऱ्या एका सत्तेची आहे, हा दोष उरतोच. त्याचे परिमार्जन शेवटच्या निर्णयात होते. दोघेही अमरत्व आणि पूर्वस्मृती यांचा त्याग करून मर्त्य जीवन पत्करतात. आता एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला अज्ञात, असे काही उरत नाही. येथून पुढे होकार किंवा नकार देण्याच्या बाबतीत दोघे समान आहेत.

अ‍ॅक्वायनसने देवदूताला नाकारलेला काळ या कथेत असा मर्त्यत्वाच्या मोलाने मिळविला जातो. ते पुन्हा भेटणार, हे मात्र त्या कराराचा जाणता वाचक आधीच ओळखून असतो. पात्रांना मुक्त करताना नियतीचे ज्ञान वाचकाच्या हाती येते, आणि डॅनियलने इतके जन्म वाहिलेला तो भार क्षणभर त्यालाही वाहावा लागतो.