नावातील चूक कशी शोधावी? : कंटेनर आणि शेल यांचा एक पाठ



आपला अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले यांच्या नावांत केवळ अखेरच्या स्वराचे अंतर आहे. आपली अमरावती आणि प्राचीन स्तूपासाठी प्रसिद्ध असलेली आंध्र प्रदेशातील अमरावती यांचे तर नाव एकच. माणूस विचारपूस करीत योग्य गावी पोहोचतो. संगणक मात्र दिलेले नाव अक्षरशः घेतो. कंटेनरमध्ये शेल उघडू पाहणाऱ्या नवशिक्या विद्यार्थ्याला याचा अनुभव लवकरच येतो.

डॉकर ही प्रणाली 2013 साली सर्वांसाठी खुली झाली. एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे साहित्य एका स्वतंत्र कप्प्यात ठेवून चालविणे, हे तिचे कार्य. त्या कप्प्यास कंटेनर म्हणतात. चालू कंटेनरमध्ये शिरून आज्ञा देण्यासाठी शेल उघडावे लागते. त्यासाठी ‘डॉकर एक्झेक -आयटी’ असे लिहून पुढे प्रथम कंटेनरचे आणि नंतर शेलचे नाव द्यावयाचे असते. (येथील आज्ञा उच्चारानुसार दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकाव्यात. कंटेनरच्या नावातही देवनागरी अक्षरे चालत नाहीत.) म्हणजे एका ओळीत दोन नावे आली आणि चूक दोहोंपैकी कोठेही संभवते.

1. ‘नो सच कंटेनर’ : या नावाचा कंटेनर नाही, असा याचा अर्थ. पुष्कळदा विद्यार्थी कंटेनरऐवजी इमेजचे नाव देतो. इमेज हा साचा आणि कंटेनर ही त्यावरून घडलेली वस्तू. दोहोंची नावे निराळी. कंपोझ वापरताना आणखी एक घोटाळा होतो. ‘ग्रंथालय’ प्रकल्पातील ‘वेब’ या सेवेच्या कंटेनरचे नाव सामान्यतः ‘ग्रंथालय-वेब-1’ असे होते. जुन्या आवृत्तीत मधल्या आडव्या रेघेच्या जागी अधोरेघ असे. ‘डॉकर एक्झेक’ला हे पूर्ण नाव लागते, ‘डॉकर कंपोझ एक्झेक’ला केवळ ‘वेब’ पुरते. लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही येथे पाळला जातो.

2. ‘एक्झिक्युटेबल फाइल नॉट फाउंड’ : येथे कंटेनर सापडला आहे, मागितलेले शेल मात्र त्यात नाही. अल्पाइनसारख्या छोट्या इमेजमध्ये सहसा ‘बॅश’ नसते, ‘एसएच’ असते. तेव्हा शेवटचा शब्द बदलून पाहावा. काही इमेजमध्ये मात्र कोणतेच शेल ठेवलेले नसते.

3. ‘इज नॉट रनिंग’ : नाव बरोबर आहे, पण कंटेनर थांबलेला आहे. ‘डॉकर पीएस’ केवळ चालू कंटेनरांची यादी देते. ‘डॉकर पीएस -ए’ थांबलेल्यांचीही देते.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम यादी पाहावी, नाव तेथूनच उतरवून घ्यावे, मग शेल ठरवावे. नाव लांबलचक असल्यास ओळख क्रमांकाची पहिली काही अक्षरे पुरतात. मात्र तीच सुरुवात दुसऱ्या कंटेनरच्या क्रमांकाची नसावी. वसतिगृहात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले की आपण हजेरी क्रमांकाने ओळखतो, तसेच हे. फरक इतकाच की, एका संगणकावर डॉकर दोन कंटेनरांना एकच नाव देऊ देत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. शेल उघडत नाही म्हणून वैतागून कंटेनर काढून टाकू नये. स्वतंत्र व्हॉल्यूममध्ये न ठेवलेली, केवळ कंटेनरमध्येच असलेली माहिती त्याबरोबर नष्ट होते. एका अक्षराच्या चुकीपायी कित्येक दिवसांचे काम गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात संगणक शिकणारी ही पहिलीच पिढी आहे. पडद्यावर इंग्रजी संदेश उमटला की ‘हे आपले काम नव्हे’ असे मनात येते. परंतु तो संदेश आपल्या कुवतीविषयी काहीच म्हणत नाही. कोणते नाव जुळले नाही, एवढेच तो सांगतो. तो शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश वाचावा. बहुतेक वेळा उत्तर त्यातच असते.