कर्करोगाच्या उपचारांत मनाला साथ : पूरक पद्धती कशा वापराव्यात

बायोप्सी सोमवारी झाली आहे आणि रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे. मधल्या तीन दिवसांसाठी डॉक्टरांनी काहीही लिहून दिलेले नाही. तुमच्या घरात कोणाला कर्करोग झाला असेल तर हे दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. ताट समोर येते, पण घास उतरत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होते. रात्री वाटते की घरातले सगळे झोपले आहेत, आणि सकाळी कळते की कोणाचाच डोळा लागला नव्हता.

उपचार सुरू झाले की हे थांबेल असे वाटते. ते थांबत नाही, फक्त रूप बदलते. केमोच्या आदल्या रात्रीची भीती, सुईसाठी नस सापडेपर्यंतची भीती, आणि सगळे उपचार संपल्यावरही दर काही महिन्यांनी होणाऱ्या तपासणीच्या आधीचा आठवडा. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांनी या शेवटच्या भीतीला 'स्कॅन्झायटी' असे नावच दिले आहे. स्कॅन आणि अँग्झायटी यांची ती जोडी. आपल्याकडे तिला वेगळे नाव नाही, पण ती घरोघरी आहे.

या भीतीवर श्वास, शिथिलीकरण, ध्यान, योगासने, संगीत यांचा किती उपयोग होतो आणि त्यांची मर्यादा कुठे आहे, ते या लेखात पाहू.

आधी एका शब्दाचा फरक

भाषांतराची सेवा करताना दोन इंग्रजी शब्द माझ्यासमोर सतत येतात: कॉम्प्लिमेंटरी आणि अल्टर्नेटिव्ह. घाईत दोन्हींसाठी 'इतर उपचार' असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते, आणि मीही सुरुवातीला तसे केले आहे. पण पहिल्या शब्दाचा अर्थ पूरक. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून त्यांच्या सोबतीने करायचे ते पूरक. दुसऱ्याचा अर्थ पर्यायी, म्हणजे डॉक्टरांचे उपचार सोडून त्यांच्या जागी करायचे ते. सर्दी-पडशात हा फरक फारसा महत्त्वाचा नसेल. कर्करोगात तो जीवनमरणाचा आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात २८१ रुग्ण होते. त्यांचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला नव्हता, म्हणजे बरे होण्याची चांगली आशा होती. त्यांनी प्रचलित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार निवडले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या ५६० रुग्णांशी त्यांची तुलना केली, तेव्हा मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहूनही अधिक होता.

दुसरा अभ्यास आपल्यासारख्यांनी जास्त लक्ष देऊन वाचावा असा आहे. त्यातील २५८ रुग्ण नेहमीच्या उपचारांपैकी निदान एक घेत होते आणि जोडीला पूरक पद्धतीही वापरत होते. तरीही त्यांच्यातील मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट निघाला. का? कारण त्यांच्यातील बऱ्याच जणांनी शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार किंवा हार्मोनची औषधे यांपैकी काहीतरी नाकारले होते. ही नाकारलेली औषधे आणि झालेला उशीर हिशेबात धरल्यावर पूरक पद्धतींचा वेगळा असा धोका उरला नाही. म्हणजे पूरक पद्धतींनी अपाय केला नव्हता. अपाय केला तो 'हे करतो आहे, मग ते कशाला' या विचाराने.

म्हणून पुढे जे काही वाचाल ते गाठ विरघळवण्यासाठी नाही. केमोची खुर्ची सोडून पळून जावेसे वाटत असताना त्या खुर्चीत बसून राहता यावे, यासाठी ते आहे.

भीती शरीरात कशी राहते

भीती वाटली की हृदयाची धडधड वाढते, श्वास उथळ आणि भरभर होतो, खांदे व जबडा आवळला जातो. पळायचे किंवा लढायचे असेल तर ही तयारी उपयोगाची. पण रिपोर्टपासून पळून कुठे जाणार? शरीर तयारीत राहते आणि तयारी कामी येत नाही. असे आठवडेच्या आठवडे गेले की झोप, भूक आणि पचन बिघडते, आणि रुग्णाला वाटते की आजारच वाढला.

काही रुग्णांना तर केमो सुरू होण्याआधीच, रुग्णालयाचा वास येताच मळमळू लागते. हे नाटक नव्हे. आधीच्या वेळी त्या वासाबरोबर उलट्या झालेल्या असतात, म्हणून शरीर त्या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवते. ही शिकलेली मळमळ उलटीच्या गोळ्यांनी सहज जात नाही, पण शिथिलीकरणाच्या सरावाने कमी होऊ शकते. शरीर जसे भीती शिकते तसे शांत होणेही शिकते.

श्वासापासून सुरुवात

श्वास ही अशी क्रिया आहे जी आपोआप चालते आणि मनात आणले तर आपल्या हातातही येते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि बाहेर सोडताना किंचित मंदावतात. त्यामुळे श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला शांत होण्याचा निरोप जास्त वेळ मिळतो.

आता वाचता वाचता करून पाहा. पाठ टेकून बसा, किंवा आडवे पडा. नाकाने चार अंक मोजत श्वास आत घ्या. सहा अंक मोजत सावकाश बाहेर सोडा. मध्ये श्वास रोखू नका. अंक घड्याळाच्या सेकंदांच्या गतीने मोजले तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. पाच मिनिटे पुरे. चक्कर आली किंवा श्वास अपुरा वाटला तर मोजणे सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आणि अशक्त रुग्णांनी अंक कमी करावेत, तीन आणि चार सुद्धा चालेल.

सराव मात्र घरी, बरे वाटत असताना करायचा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा पुस्तक उघडून काही होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकते! दोन आठवडे रोज केलेले असेल तर रुग्णालयात नस शोधत असताना तो श्वास आपसूक आठवतो.

कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जोराचे प्रकार उपचारांच्या काळात स्वतःच्या मनाने करू नका. पोटावर शस्त्रक्रिया झालेली असेल, हिमोग्लोबिन उतरलेले असेल किंवा धाप लागत असेल तर ते त्रासदायक ठरू शकतात. "पूर्वी रोज करत होतो" हे कारण इथे चालत नाही.

शिथिलीकरण आणि ध्यान

ज्यांना डोळे मिटून स्वस्थ बसवतच नाही, त्यांच्यासाठी शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांची पद्धत सोपी आहे. त्यांचे यावरील पुस्तक १९२९ मध्ये आले. एक स्नायू काही क्षण आवळायचा, मग सोडून द्यायचा आणि सोडल्यावर काय जाणवते तिकडे लक्ष द्यायचे. पावलांपासून सुरू करून पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, शेवटी कपाळ. ताणलेले काय आणि सैल काय, हे शरीराला नव्याने कळते. शस्त्रक्रिया झालेला भाग किंवा दुखणारे हाड मात्र आवळायचे नाही. त्या जागी नुसते लक्ष नेऊन पुढे जायचे.

ध्यानाबद्दल वैद्यकीय जगात आज जो विश्वास आहे, त्यात जॉन कबात-झिन यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. मनात येणारा विचार ढकलायचा नाही, त्याच्यामागे जायचेही नाही, तो आला आहे एवढे पाहायचे आणि पुन्हा श्वासाकडे यायचे. पुढे कॅनडातील कॅलगरी येथे हीच पद्धत कर्करुग्णांसाठी वापरली गेली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात ९० रुग्ण होते आणि अभ्यासक्रम सात आठवड्यांचा होता. तो करणाऱ्यांच्या मनःस्थितीतील बिघाड ६५ टक्क्यांनी आणि तणावाची लक्षणे ३१ टक्क्यांनी घटली.

एका अभ्यासावरून कोणी निष्कर्ष काढू नये. पण २०२३ मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी, सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजी आणि अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी यांनी, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून मार्गदर्शक सूचना काढल्या. चिंतेसाठी सजगतेचा सराव त्यात उपचार चालू असतानाही सुचवला आहे आणि उपचार संपल्यानंतरही.

योगासने, संगीत आणि स्पर्श

आपल्याच देशातील एक उदाहरण बंगळुरूचे आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या ८८ स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे ४४-४४ चे दोन गट केले. एका गटाने किरणोपचारांच्या सहा आठवड्यांत योगाभ्यास केला, दुसऱ्याला धीर देणारे समुपदेशन मिळाले. योगाच्या गटात चिंता, उदासी आणि जाणवणारा ताण अधिक कमी झाला. अशा अभ्यासात एक अडचण असतेच. गोळी खोटी देता येते, योगासन खोटे देता येत नाही. आपण योग करतो आहोत हे त्या स्त्रियांना माहीत होते, आणि त्या माहीत असण्याचाही काही परिणाम असणार. त्यांना बरे वाटले, हे मात्र खरे. काखेतील गाठी काढलेल्या असतील तर त्या हातावर शरीराचा भार येणारी आसने डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय करू नयेत. त्या हाताला सूज येण्याची शक्यता असते.

संगीताला शिकावे लागत नाही. २०१६ मध्ये ५२ चाचण्यांतील ३,७३१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा संगीताने चिंता कमी होत असल्याचे दिसले, जरी त्यातील बऱ्याच चाचण्या फारशा काटेकोर नव्हत्या. गाणे कोणते? रुग्णाला आवडेल ते. आजोबांना जुनी नाट्यगीते हवी असतील तर त्यांच्या कानाला हेडफोन लावून ध्यानाचे संगीत ऐकवू नका.

हलकी मालिश आणि तळपायावर दाब देण्याची पद्धत यांनीही काहींना आराम पडतो. पण गाठीवर, ताज्या जखमेवर किंवा किरणांनी भाजलेल्या त्वचेवर हात लावू नये. प्लेटलेट्स कमी असतील किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर मालिश नकोच. सुगंधाचा उपयोगही अभ्यासांत दिसला आहे, परंतु केमोच्या दिवसांत आवडता वाससुद्धा नकोसा होतो. खोलीत उदबत्ती लावण्याआधी रुग्णाला विचारा.

काढे, चूर्णे आणि वनस्पतींच्या गोळ्या मात्र या यादीत धरू नका. त्या रक्तात जातात. युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकॅन या केमोच्या औषधासोबत दिली, तेव्हा त्या औषधाच्या कामी येणाऱ्या अंशाचे रक्तातील प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटले, असे २००२ मध्ये दिसले. मन शांत करायला घेतले आणि केमोच पातळ झाली! जे काही पोटात जाते ते डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेले असू द्या.

"सकारात्मक राहा" असे म्हणण्याआधी

रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण हे वाक्य बोलतो. आपण साधक तर जास्तच बोलतो. त्याचा दुसरा अर्थ रुग्णाला ऐकू येतो: आजार वाढला तर तुझेच विचार कमी पडले.

१९८९ मध्ये स्टॅनफर्डचे डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला एकत्र बसून मोकळेपणाने बोलणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या असे त्यात दिसले. जगभर आनंद झाला. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग झाला आणि आयुष्यात काहीही फरक दिसला नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकंदरीत तो दिसला नाही. पण कॅनडातील त्या गटात बसणाऱ्या स्त्रियांचे मानसिक क्लेश कमी झाले होते आणि वेदनाही कमी जाणवत होत्या. त्या गटांत कोणी कोणाला सकारात्मक राहायला सांगत नव्हते. मृत्यूच्या भीतीबद्दलही तिथे बोलता येत होते, रडता येत होते.

तेव्हा रुग्णाने ध्यान चुकवले, त्याला राग आला, तो रडला, तर सराव फुकट गेला असे समजू नका. आणि "आज बसलात का ध्यानाला?" असे रोज विचारून त्याचाही एक ताण तयार करू नका. तुम्हीच शेजारी बसा आणि तुमचा श्वास सावकाश सोडा. सोबत करणाऱ्यालाही त्याची तितकीच गरज असते, फक्त त्याची फाईल कोणी बनवत नाही.

एवढ्याने भागले नाही तर

अनेक कर्करोग रुग्णालयांत रुग्णाला थर्मामीटरच्या चित्रावर आपला मानसिक त्रास शून्य ते दहा या अंकांत दाखवायला सांगतात. चार किंवा अधिक आले तर पुढे चौकशी करतात. घरीही आठवड्यातून एकदा हा प्रश्न विचारता येतो. अंक वर राहिला, झोप सलग उडाली, रुग्ण बोलेनासा झाला किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागला, तर श्वास आणि ध्यान पुरेसे नाहीत. कर्करोगाच्या डॉक्टरांना ते त्याच दिवशी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट मागून घ्या. त्यांनी गोळी दिली तर ती घेण्यात साधनेचा कमीपणा नाही. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे कळत नसेल तर भारत सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तिथे मराठीतूनही बोलता येते.